दवाखान्यातल्या माणसांचं मन कामावरून कधी उडतं? ‘अर्थपूर्ण काम’ म्हणजे काय ते सोप्या भाषेत

मागच्या काही वर्षांत आरोग्य खात्यातले संप किती झाले बघा. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आणि एनएचएमचे (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे) कंत्राटी कर्मचारी रस्त्यावर आले, २०२४ च्या फेब्रुवारीत आशाताई थेट मुंबईच्या आझाद मैदानात जाऊन बसल्या, २०२५ च्या ऑगस्टमध्ये परत कंत्राटी कर्मचाऱ्यांचा संप. आणि दर वेळी पारावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच वाक्य फिरतं, "यांना कामच करायचं नाही".

माझी वहिनी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आशा आहे. २०२३ च्या संपात तीही होती. रजिस्टर बंद, रिपोर्ट बंद, मीटिंगला जाणं बंद. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती वजनकाटा पिशवीत टाकून निघाली म्हणून मी विचारलं, वहिनी संप आहे ना, तर म्हणे, "रिपोर्ट नाही देत ना भाऊजी. पण त्या पोट्टीचं वजन जन्माच्या वेळी एकोणीसशे होतं, तिले पाहून येतो फक्त."

सकाळी हीच बाई तहसीलसमोर घोषणा देऊन आली होती. मग हिला काम करायचं आहे की नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून यावर जे संशोधन झालंय ते वाचत गेलो, आणि जे समजलं ते इथे सांगतोय. विषय मॅनेजमेंटच्या पुस्तकातला असला तरी आपल्या उपकेंद्राच्या ओट्यावर बसूनही कळतो.

महत्त्वाचं काम आणि अर्थपूर्ण काम, दोन्ही एक नाही

अर्थपूर्ण काम म्हणजे काम करणाऱ्याला स्वतःला असं वाटणं की मी जे करतो त्याने कोणाच्या तरी आयुष्यात फरक पडतो, आणि तो फरक पडण्यात माझा हात आहे. वाक्याचा दुसरा भाग नीट बघा, कारण सगळा घोळ तिथे होतो. लसीकरण महत्त्वाचं आहे हे लहान पोरही सांगेल. पण दिवसभर लसीच्या नोंदी पोर्टलवर चढवणाऱ्या डाटा ऑपरेटरला आपल्या बोटांमुळे कोणाचं तरी बाळ गोवरापासून वाचलं असं वाटतं का? बहुतेक वेळा नाही. काम महत्त्वाचं आहे हे जगाला माहीत असतं, पण करणाऱ्याच्या मनाला ते पोचत नाही.

दुसरा शब्द म्हणजे कामाबद्दलची वृत्ती. माणसाला आपल्या कामाविषयी काय वाटतं आणि त्यामुळे तो कसा वागतो, म्हणजे नोकरीवर टिकतो की बदलीसाठी खटपट करतो, पेशंटशी नीट बोलतो की खेकसतो, सांगितलं तेवढंच करतो की न सांगताही दोन पावलं पुढे जातो. याला मी पुढे नुसतं ‘मन’ म्हणणार आहे, आपण म्हणतोच ना, त्याचं कामात मन नाही.

अमेरिकेत एमी रेझ्नेव्स्की नावाच्या संशोधक आहेत. त्यांनी १९९७ मध्ये सहकाऱ्यांसोबत मांडलं की माणसं आपल्या कामाकडे तीन नजरांनी बघतात. कोणाला ते नुसती नोकरी वाटते, महिन्याला पगार येतो म्हणून करायची. कोणाला ती शिडी वाटते, आज इथे, उद्या वरच्या पोस्टवर. आणि कोणाला ते आपलं जीवनकार्यच वाटतं, त्याच्याशिवाय करमत नाही असं. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती ही, की कॉलेजच्या ऑफिसात एकाच प्रकारचं काम करणाऱ्या माणसांना विचारलं तेव्हा ती या तिन्ही गटांत साधारण सारखी वाटली गेली. म्हणजे पोस्ट तीच, काम तेच, पण नजर वेगळी. मग ही नजर येते कुठून? माणूस जन्मतः तसा असतो की कामाची मांडणी त्याला तसं करते?

मोटर चालू आहे, पाणी का येत नाही

याचं बऱ्यापैकी उत्तर १९७० च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघा संशोधकांनी दिलं. त्यांचं म्हणणं असं की कामाचे पाच गुण असतात, आणि त्यावर ठरतं की करणाऱ्याचं मन त्यात राहील का.

पहिले तीन एका टोपलीतले. कामात वेगवेगळं कौशल्य लागतं का, काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातात असतं का, आणि त्याचा कोणाला उपयोग होतो का. यातला मधला गुण आपल्याला कापसावरून लगेच कळेल. ज्याने जूनमध्ये सरकी टोबली, डवरे मारले, बोंडअळीसाठी रात्री बॅटरी घेऊन झाडं पाहिली, त्याला दिवाळीत पांढरं वावर पाहून जे वाटतं ते जिनिंगमध्ये गाठोडी ढकलणाऱ्याला वाटणार नाही, कापूस तोच असला तरी. चौथा गुण म्हणजे स्वतः ठरवायची मोकळीक. पाचवा म्हणजे आपण केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे कळणं.

आता खरी गंमत. या दोघांनी हे गुण मोजायचं एक सूत्र केलं, त्यात पहिल्या तिघांची सरासरी काढायची आणि तिला मोकळीक आणि ‘पुढे काय झालं ते कळणं’ या दोघांनी गुणायचं. बेरीज नाही, गुणाकार. पुढे अभ्यास करणाऱ्यांनी यावर वाद घातला, काहींनी म्हटलं साधी बेरीजही तेवढंच चांगलं सांगते, पण मला गुणाकारामागची कल्पना पटते, कारण ओलित करणाऱ्या कोणालाही ती पटेल. विहिरीला पाणी आहे, मोटर नवीन आहे, पाईप चांगला आहे, पण लाईन नाही, तर वावरात किती पाणी येणार? पाऊण नाही येत, शून्य येतं. तसंच काम कितीही पुण्याचं असू द्या, करणाऱ्याला काहीच ठरवता येत नसेल आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नसेल, तर मनाच्या वावरात पाणी पोचत नाही. आणि मग आपण मोटरला शिव्या घालत बसतो.

एका मिनिटाची मोजणी

वहिनीसोबत मी एकदा गेलो होतो, जानेवारीतली सकाळ होती आणि बाळाला एकविसावा दिवस. हे नियमातलं काम आहे, दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहायची, बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटी मिळून तिला २५० रुपये.

तिने आधी आंगणात साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, आणि कशालाच न पुसता हवेत वाळू दिले. मग आत येऊन बाळाच्या अंगावरचं लुगड्याचं फडकं पोटापर्यंत बाजूला केलं, घड्याळ समोर धरलं आणि पोट वर-खाली होतं ते मोजायला लागली. आजी मधेच म्हणाली, काल रात्री लय रडली. वहिनीने हात वर केला, गप्प रहा म्हणून, पण मोजणी तुटली होती. तिने परत पहिल्यापासून सुरू केलं, पूर्ण एक मिनिट. चोपन्न. साठ किंवा त्याच्या वर गेलं तर बाळाला न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, लगेच न्यायचं. मग काखेत थर्मामीटर, मग झोळीत घालून वजन, झोळी रिकामी लटकवून काटा शून्यावर आणून घेतला आधी. वजन वाढलं होतं. आजीच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आणि वहिनीच्या तोंडावर जे आलं तेही पाहिलं.

आता पाचही गुण इथे लावून बघा. कौशल्य लागतं, हो. काम पहिल्या भेटीपासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या एकटीच्या हातात, हो. उपयोग, त्याबद्दल तर बोलायलाच नको. मोकळीक आहे, कारण न्यायचं की घरीच राहू द्यायचं हे त्या क्षणी तीच ठरवते. आणि निकाल डोळ्यासमोर, काट्यावर. म्हणून संप असतानाही तिचे पाय तिकडे वळले.

आणि ज्या कामावर तिने त्या आठवड्यात बहिष्कार टाकला होता ते काम कोणतं? रजिस्टर, रिपोर्ट, मीटिंग. हे सगळं तिने मुद्दाम असं वेगळं काढलं नव्हतं, पण तिच्या संपाने बरोब्बर तीच रेघ मारली होती जी या सूत्राने मारली असती.

तेच खातं, तोच माणूस, पण काचेच्या पट्ट्या

याच्या उलटं उदाहरण आमच्या एका ओळखीच्या काकांचं, एमपीडब्ल्यू म्हणून रिटायर झाले, म्हणजे घरोघरी फिरून ताप पाहणारे आरोग्य सेवक. हिवतापाच्या कार्यक्रमात एक जुना दंडक आहे की वर्षाला लोकसंख्येच्या निदान दहा टक्के लोकांचं रक्त तपासलं पाहिजे. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या स्लाइडवर एक जाड थेंब आणि एक पातळ पसरवलेला, वाळवून, नंबर टाकून लॅबला द्यायचं. काका सांगतात की सुरुवातीची काही वर्षं त्यांना त्यात फार रस होता, कोणत्या तांड्यावर ताप निघतो, कोणत्या नाल्याकाठी निघतो, हे ते स्वतः वहीत लिहून ठेवायचे. पण लॅबमधून पॉझिटिव्ह निघाली तरच निरोप यायचा, बाकी शेकडो स्लाइडचं काय झालं ते कधीच नाही कळलं. मीटिंगमध्ये साहेब विचारायचे एकच, किती स्लाइड झाल्या. मग हळूहळू ताप असो-नसो जो भेटेल त्याची घ्यायची, आकडा पुरा करायचा. एकदा एकाच घरातल्या धडधाकट पाच जणांच्या घेतल्या, त्यातला एक म्हातारा म्हणाला, मले तर काहीच झालं नाही बाबू. काका म्हणाले, "त्या दिवसापासून माझं मन उडालं."

काका कामचुकार नव्हते, हे मी छातीठोक सांगतो. त्यांच्या कामातून आधी ‘पुढे काय झालं’ हे गेलं, मग ‘माझं मी ठरवणं’ गेलं, आणि उरला तो आकडा.

आज उपकेंद्रातल्या सिस्टरची अवस्था बघा. साध्या नियमाप्रमाणे सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० ला. तेवढ्या लोकांचं माता-बालकांचं आरसीएच पोर्टल, लसीकरणाचं यू-विन, बीपी-शुगरचं एनसीडी, टीबीचं नि-क्षय, आरोग्य ओळखीचं आभा कार्ड, आणि नेट तर असं की उपकेंद्राच्या मागच्या चिंचेखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात. आपण दाराशी गेलो की ती मोबाईलवरून मान वर न करता बोलते आणि आपण घरी येऊन सांगतो, सिस्टर फार रूड आहे. रूड असेलही, पण त्या मोबाईलमध्ये रात्री बारापर्यंत भरायचा रकाना आहे हे आपल्याला दिसत नाही.

मन असल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो

कोणी म्हणेल, मन-बिन ठीक आहे, पण आमच्या पेशंटला त्याचा काय फायदा? याची तीन पक्की उदाहरणं सांगतो.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात देणग्या मागायला फोन करणारी पोरं होती. अ‍ॅडम ग्रँट या संशोधकाने त्यातल्या काहींची भेट अशा एका विद्यार्थ्याशी घालून दिली ज्याला त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळाली होती. काही मिनिटांचीच भेट. महिन्याभराने पाहिलं तर या पोरांचा फोनवरचा वेळ दुपटीच्या वर गेला होता आणि गोळा झालेला पैसाही दुपटीच्या वर. पगार वाढवला नव्हता, साहेब बदलला नव्हता, फक्त आपल्या कामाचं तोंड त्यांना दिसलं होतं. हा अभ्यास २००७ चा.

दुसरं तर थेट दवाखान्यातलं, २०११ मध्ये छापून आलेलं. हात धुवायच्या जागी दोन प्रकारच्या पाट्या लावल्या. एकीवर अर्थ असा, की हात धुतले तर तुम्हाला रोग होणार नाही. दुसरीवर, की हात धुतले तर पेशंटला रोग होणार नाही. साबण आणि जेल कुठे जास्त खर्च झालं? दुसऱ्या पाटीखाली. म्हणजे डॉक्टर-नर्सला स्वतःच्या जिवापेक्षा पेशंटचं नाव घेतलं की हात पुढे होतो. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण आपण या माणसांबद्दल नेमकं उलटं धरून चालतो.

आणि आपल्या विदर्भातलं तर जगभर गाजलेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. तिथे नवजात बाळं फार दगावायची, आणि दवाखाना जवळ नाही. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवलं, त्यांना नाव दिलं आरोग्यदूत, आणि श्वास मोजण्यापासून ते जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन देण्यापर्यंत काम त्यांच्या हातात दिलं. ३९ गावांत हे केलं आणि तुलनेला दुसरी गावं ठेवली. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे छापून आलं त्याप्रमाणे नवजात बाळांचे मृत्यू तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशांना जे घरी जाऊन बाळ पाहायचं काम मिळालं, म्हणजे वहिनी जे करते ते, त्याचं मूळ हे.

लोक या गोष्टीत इंजेक्शनवर चर्चा करतात, की कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई कशी दिली. मला त्यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. तिच्या हातात आख्खं काम दिलं. नुसतं बाळ मोजून कळव, बाकी आम्ही बघू, असं नाही म्हटलं.

"एवढं कशाला, हजेरीची मशीन लावा ना"

हा पहिला आक्षेप, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेलं आणि कुलूप दिसलं की माणूस चिडणारच, चाळीस किलोमीटरवरून म्हातारीला घेऊन आलेल्याला तुम्ही अर्थपूर्ण कामाचं प्रवचन देऊ शकत नाही. हजेरी पाहिजेच.

पण नुसत्या हजेरीने काय होतं हे राजस्थानात करून पाहिलेलं आहे. उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्राच्या नर्सबाई जागेवर नसायच्या म्हणून सेवा मंदिर या संस्थेच्या मदतीने वेळ-तारखेचा शिक्का मारणाऱ्या मशीन दिल्या, गैरहजर राहिलं तर पगार कापायचं सरकारने ठरवलं. बॅनर्जी, डुफ्लो आणि ग्लेनर्स्टर या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास २००८ मध्ये छापला. सुरुवातीचे सहा महिने हजेरी चांगली वाढली. सोळा महिन्यांनी बघतात तर जिथे मशीन आहे आणि जिथे नाही, दोन्हीकडे सारखंच. मधल्या काळात झालं असं की ‘आज सूट’ नोंदवलेले दिवस वाढत गेले, मीटिंग होती, फिरतीवर होते, आणि वरच्यांनीच ते चालवून घेतलं.

मशीन माणसाला खुर्चीत आणून बसवते. खुर्चीत बसलेला माणूस श्वास दुसऱ्यांदा पहिल्यापासून मोजेल की पहिल्या तुटलेल्या मोजणीवरच पन्नास लिहून टाकेल, हे मशीनला कळत नाही. आणि आरोग्याचं बरंचसं काम याच जातीचं आहे, कोणी बघत नसताना केलेलं.

"म्हणजे पगार वाढवायची गरज नाही, समाधान पुरे"

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण या विषयाचा सगळ्यात वाईट उपयोग असाच होतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५९ मध्ये सांगितलं की नाराजी आणि समाधान हे एकाच काट्याची दोन टोकं नाहीत, ते दोन वेगळे काटे आहेत. पगार, नोकरीची शाश्वती, बसायची जागा, साहेबाची वागणूक हे नसलं तर माणूस नाराज होतो, मिळालं तर नाराजी जाते, पण तेवढ्याने कामात जीव येत नाही. कामात जीव येतो तो कामातून, जबाबदारीतून, काहीतरी साधल्यातून. याची उलट बाजू लोक सांगत नाहीत, ती ही, की कामात कितीही जीव असला तरी त्याने पगाराची नाराजी भरून निघत नाही. घरात देव्हारा किती सुंदर आहे म्हणून गळकं छप्पर गळायचं थांबत नाही.

याहून पुढची गोष्ट बंडरसन आणि थॉम्पसन या दोघा संशोधकांनी २००९ मध्ये दाखवली, प्राणिसंग्रहालयात जनावरांची देखभाल करणाऱ्या माणसांवर. ही माणसं म्हणायची की याच कामासाठी आम्ही जन्मलो. त्यामुळे त्यांना कामात खूप अर्थ सापडायचा, आणि त्याचमुळे ती कमी पैशात, जास्त वेळ, अंगाला त्रास करून घेऊन राबायला तयार व्हायची. आणि ज्यांचा कामात जीव असतो त्यांना व्यवस्थापन आपला फायदा घेतंय का, याची शंकाही जास्त असते. माझ्या वहिनीचं आणि तिच्या मैत्रिणींचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही.

आशा योजना १२ एप्रिल २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियानासोबत आली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक बाई, आणि तिला म्हटलं ‘स्वयंसेविका’. तो शब्द बघा. स्वयंसेविका म्हणून पगार नाही, मोबदला, बऱ्याचशा कामांचा वेगवेगळा, कापूस वेचणीला किलोवर मजुरी असते तसा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. वहिनीला त्याचा अभिमान आहे, तिने तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपला ठेवला होता कितीतरी दिवस. पण त्याच काळात कधी मोबदला दोन-तीन महिने थकला की किराणा दुकानात तीच तोंड लपवून जायची. तेव्हा "तुम्ही तर देवाचं काम करता" असं कोणी म्हटलं की तिला राग येतो, आणि तो राग बरोबर आहे. कारण या वाक्यात तिच्या मनातली चांगली गोष्ट तिच्याच विरुद्ध वापरली जाते.

म्हणून घोषणा देणं आणि बाळ पाहायला जाणं यात विरोध नाहीच. जिला कामाचं काही वाटत नाही ती बाई संप करत बसत नाही, गपचूप सोडून देते किंवा गपचूप खोटे आकडे भरते.

"सगळेच काही आमटे नसतात"

हा आक्षेप आमच्याकडे जास्त ऐकू येतो, कारण विदर्भात मोठी माणसं खूप. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकसाच्या जंगलात काढलेली वर्षं, मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या गोष्टी ऐकून आपल्या डोक्यात असं बसतं की आरोग्यात चांगलं काम करायला वेगळ्या मातीचा माणूस लागतो, आणि बाकीच्यांकडून अपेक्षाच नको.

पण जरा उलटं बघा. या लोकांकडे कामाचे ते पाचही गुण भरभरून आहेत. पेशंट आला तेव्हापासून बरा होऊन घरी जाईपर्यंत त्यांच्यासमोर, काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं, आणि दहा वर्षांनी तोच पेशंट आपलं लेकरू घेऊन दारात. त्यांचा त्याग मोठाच आहे, पण त्यांच्या कामाची मांडणीही अशी आहे की मन टिकतं. उलट एमबीबीएस होऊन बंधपत्रावर पीएचसीला आलेल्या पंचविशीतल्या पोराला पहिल्या महिन्यात काय मिळतं? मीटिंग, व्हीसी म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, पोस्टमार्टमची कागदं, आणि गंभीर पेशंट आला की रेफर करून टाकायचा, पुढे तो जगला की गेला हे कळायचा मार्ग नाही. त्याच्या मनातही काहीतरी घेऊन तो आलेला असतो.

शेजारच्या तालुक्यातल्या एका पीएचसीची गोष्ट यासाठीच सांगतो, नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमनी एवढंच केलं की इथून जो पेशंट वर पाठवला त्याचं नाव एका वहीत, आणि आठवड्यातून एकदा फार्मासिस्ट जिल्ह्याच्या दवाखान्यात किंवा नातेवाईकाला फोन करून विचारतो, काय झालं. मग ते ज्या आशाने किंवा सिस्टरने पेशंट आणला तिला कळवायचं. पैसा लागला नाही, जीआर लागला नाही.

आमच्याकडे तसं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात वहिनीने आठव्या महिन्यातली एक बाई नेली होती, बीपी वाढलेलं, पायावर सूज, डोळ्यासमोर अंधारी. पीएचसीतून ग्रामीण रुग्णालय, तिथून १०८ ने जिल्ह्याला, आणि जिल्ह्याच्या दवाखान्याच्या गेटवर नातेवाईक भेटले तशी वहिनी रात्रीच्या एसटीने परत आली. त्यानंतर पाच आठवडे काही नाही, बाई बाळंतपणाला तिकडूनच माहेरी गेलेली. वहिनी रोज एकदा तरी म्हणायची, काय झालं असेल हो. मग आठवडी बाजारात त्या बाईची मावशी भेटली, सांगितलं की मायलेक दोघं बरे आहेत. वहिनी भाजी न घेताच घरी आली, पिशवी रिकामी, आणि दारातूनच मला म्हणाली, "भाऊजी, पोरगा झाला तिले. दोन किलो तीनशे." मग ओट्यावर बसून तिने जुनं रजिस्टर काढलं आणि त्या बाईच्या नावासमोर, जिथे कोणताच रकाना नाही तिथे, कडेला पेनाने ते वजन लिहून ठेवलं.